परीक्षा घ्यायचीच तर प्रश्न बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पत्रव्यवहारात एका वाचकाने सुचवले आहे की, गोव्यात घर किंवा जमीन घेणाऱ्या प्रत्येक भायल्याची, म्हणजे बाहेरच्या माणसाची, आधी लेखी परीक्षा घ्यावी. नमुन्यादाखल प्रश्नही दिले आहेत. घटक राज्याचा दर्जा कधी मिळाला? तालुके किती? क्षेत्रफळ किती? पहिले मुख्यमंत्री कोण? त्या वाचकाचा राग मला समजतो. डोंगर कापले जात आहेत, शेतात माती टाकून बंगले उभे राहत आहेत, आणि विचारायला गेलेल्या पंचाला कागद दाखवून गप्प केले जाते. पण हा पेपर दिल्लीचा माणूस विमानतळावरून पर्वरीला पोहोचेपर्यंत पाठ करील. ३० मे १९८७, १२, ३७०२ चौरस किलोमीटर, दयानंद बांदोडकर. झाला पास, करा खरेदीखत!

मी रायबंदर-चोडण फेरीबोटीवर तिकिटे फाडत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. पलीकडे जाईपर्यंत माणसाला दुसरे काही काम नसते, म्हणून तो बोलतो. समोर खाकी शर्टात मी उभा. त्यामुळे बाहेरच्यांना गोव्याचे काय ठाऊक असते, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे.

एकदा पुण्याची पाटी असलेली गाडी डिचोलीकडून चोडणात उतरून फेरीवर चढली. आईवडील आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. वडिलांनी काच खाली करून विचारले, ‘केरी गावाला हाच रस्ता ना?’ मी विचारले, ‘कुठले केरी?’ ते माझ्याकडे बघतच राहिले. गोव्यात केरी तीन आहेत. सत्तरीतले केरी त्यांनी चोर्ला घाट उतरताना ओलांडले होते. पेडण्याच्या केरीला, म्हणजे तेरेखोलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर, आदल्या दिवशी फोनने त्यांना नेऊन सोडले होते. त्यांना हवे होते ते तिसरे, फोंड्याचे. तिथे समुद्र नाही. कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, आहेत आणि गायिका केसरबाई केरकरांच्या नावाचे हायस्कूल आहे.

तो मुलगाच सगळ्यांना ओढून आणत होता. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावर भारतातले एकच गाणे आहे आणि ते केसरबाईंची भैरवी आहे, हे त्याला तोंडपाठ. यान आता किती लांब गेले तेही तो सांगू लागला. फेरीवर आमचे पाचपन्नास लोक उभे होते, त्यांत फोंड्याला कामाला जाणारेही होते. एकालाही हे माहीत नव्हते. एक बाई म्हणाल्या, ‘आमच्या केरीची?’ आणि त्या पोराकडे अशा पाहू लागल्या, जणू त्यानेच ती तबकडी वर नेऊन ठेवली. मग त्याच बाईंनी बाणस्तारीवरून कसे जायचे, कुठे वळायचे, कोणाच्या दुकानात विचारायचे, हे त्या आईला नीट समजावून सांगितले. आता त्या परीक्षेत या दोघांपैकी पास कोण?

सगळेच असे नसतात, हे कबूल. पुष्कळांना काहीच ठाऊक नसते आणि त्याची लाजही नसते. गोव्यात सगळे ख्रिश्चन राहतात, असे समजणारे मी कैक पाहिले. २०११ च्या जनगणनेत हिंदू ६६ टक्के आणि ख्रिश्चन २५ टक्के आहेत, असे सांगितले की त्यांचा चेहरा पडतो, फसवणूक झाल्यासारखा. ‘तुम्ही घरी पोर्तुगीज बोलता का?’ हा प्रश्न तर ठरलेला. किल्ला म्हटला की शापोराच, तोही एका हिंदी सिनेमातले मित्र तिथल्या तटावर बसले होते म्हणून.

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा प्रकार थोडा वेगळा आहे आणि मला तो जास्त टोचतो. मंगेशी त्यांना ठाऊक, शांतादुर्गा ठाऊक, म्हार्दोळ ठाऊक. कुलदैवताला येतात, अभिषेक करतात, जेवतात, जाताना काजू घेतात. पण हे वेगळे राज्य का आहे, हे विचाराल तर उत्तर येते, ‘पोर्तुगीज होते ना, म्हणून.’ १६ जानेवारी १९६७ ला इथे मतदान झाले, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हे लोकांना विचारले गेले, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही ठाऊक नसते. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि केंद्रशासित राहण्याची दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आमच्या घरात वडिलांनी फुलाला मत दिले आणि आईने दोन पानांना. त्यावरून पुढची कित्येक वर्षे जेवताना वाद व्हायचा. हे मी सांगितले की पाहुणे म्हणायचे, ‘अरे वा, इंटरेस्टिंग!’ आणि विचारायचे, मासे कुठे चांगले मिळतात.

आता दुसरी बाजू. चोडणात डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ सालापासून. ते दोन चौरस किलोमीटरही नाही, पावणेदोन म्हणा. थंडीत मुंबई-बेंगळुरूकडून दुर्बिणी घेतलेली माणसे यायची. खारफुटीत कुठल्या फांदीवर कुठला खंड्या बसतो, ओहोटीला चिखलात कोण उतरतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आम्हाला सगळेच खंड्या! एक वयस्कर गृहस्थ दर वर्षी येत. त्यांच्या वहीत आमच्या गावातल्या पक्ष्यांची जेवढी नावे होती, तेवढी आमच्या शाळेच्या वाचनालयातही नसतील. चोडणच्या मुलांना त्यांनी शिकवायला हवे होते. कोणी विचारलेच नाही. विचारणारा मीही नव्हतो.

आणि तिसरा भायला, ज्याच्याविषयी त्या पत्रात सर्वांत वाईट लिहिले आहे, तो म्हणजे कामाला आलेला. आमच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोरगा मूळचा विजापूरकडचा. पहाटे भोंपू वाजवत सायकलीवरून येतो, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली पाटी. कुठल्या घरात मधुमेहाचा माणूस आहे म्हणून कोंड्याच्या पोयो लागतात, कुठे उंडे, कुठे काकणां, हे त्याला वही न बघता माहीत. सोमवारी कोणाचा उपास, चतुर्थीत कोणाच्या घरी मुंबईचे पाहुणे येतात म्हणून दुप्पट द्यायचे, तेही. शेजारची म्हातारी वारली, त्यानंतर कित्येक दिवस तो त्या दारासमोर भोंपू वाजवत नसे, हलकेच पाव ठेवून पुढे जायचा. परवा आमच्या सुनेला म्हणाला, ‘बाये, आज पोयो सोंपल्यो, उंडे आसात.’ त्याला क्षेत्रफळ विचारा, नापास होईल. मालिमच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करणारे झारखंड-ओडिशाचे मजूरही नापास होतील. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे त्यांना कॅलेंडर बघून कळत नाही. ते दोन महिने त्यांची मजुरीच बंद असते.

राहिलो आपण. निवृत्तीनंतर मला एका शाळेत प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून बोलावले होते. मुले तयारीची होती. पणजी राजधानी कधी झाली? १८४३. भारतातला पहिला छापखाना? १५५६, गोवा. राज्यप्राणी? गवा. फाडफाड उत्तरे. मग मी माझा एक प्रश्न घुसवला: तुमच्या घरच्या नळाला पाणी कुठून येते? पणजीची मुले. एकाने मांडवी सांगितले. मांडवी पणजीत खारी आहे बाबा! एकीने ‘टाकीतून’ म्हटले, आणि ते निदान खरे होते. ओपा कोणालाच ठाऊक नव्हते. खांडेपार नदीवरच्या ओपाच्या प्रकल्पातून येणारे पाणी ही मुले जन्मापासून पीत आहेत. आयोजकांनी मला नंतर हळूच सांगितले, सर, अभ्यासक्रमाबाहेरचे नको.

सासष्टीच्या मुलांना साळावली धरण तरी ठाऊक असते, कारण पावसाळ्यात त्याच्या गोल सांडव्यातून कोसळणाऱ्या पाण्याचे फोटो फोनवर फिरतात. त्या धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे. मे महिन्यात पाणी आटले की घरांचे चौथरे वर येतात. वाडे आणि वालकिणीला हलवलेले लोक तेव्हा परत जातात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्येही होतो. मडगावात नळ सोडून भांडी घासणाऱ्या किती जणांनी ते पाहिले आहे? उत्तरेतल्या बार्देशचा माणूस दक्षिणेतल्या सांगे-केप्याला गेला तर रिवणजवळ कुशावतीच्या काठावरची कातळशिल्पे त्याला पाटी वाचूनच शोधावी लागतात, अगदी दिल्लीवाल्यासारखी. भायलेपण आमच्याकडे चोर्ला किंवा अनमोड घाटात सुरू होत नाही, पुष्कळदा उत्तर-दक्षिण गोवा जोडणाऱ्या झुआरीच्या पुलावरच सुरू होते.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या पुरवणीत दर रविवारी ‘ओळखा पाहू’ हे सदर येते, त्यात सालांचे आणि आकड्यांचे प्रश्न काही काळ बंद करा. त्याऐवजी गावोगावच्या लोकांकडून प्रश्न मागवा, आणि उत्तर एका वाक्यात संपणार नाही असेच प्रश्न घ्या. नमुन्यादाखल काही देतो. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधातली मानस (पाण्याचे दार) भरतीला आपोआप कशी मिटते आणि ओहोटीला कशी उघडते? तिचे दार मोडले तर किती भरत्यांत शेत खारट होते, आणि तिथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात सोडून दुसरे भात का तग धरत नाही? दुर्भाट भागातले शेतकरी पौषात चिखलाची मगर करून तिला शिंपल्यांचे डोळे लावून का पुजतात? माड २०१६ साली झाडे जपण्याच्या कायद्याच्या यादीतून झाड म्हणून वगळला गेला आणि २०१७ साली परत आला, त्या मधल्या काळात तो कोण होता? (हा प्रश्न वकिलांसाठी.) म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सात शिरांची भेंडी, हरमलची मिरची आणि खोल्याची मिरची विकायला कुठल्या गावच्या बायका बसतात, आणि दुपारनंतर त्यांच्याकडे काय उरते?

उत्तर देणाऱ्याचा पत्ता छापा, पण जन्मगाव विचारू नका. बक्षीस लहान असले तरी चालेल. आणि प्रश्न पाठवायला वाचक कमी पडले तर आपल्या वार्ताहराला सकाळच्या पहिल्या फेरीवर वही घेऊन उभे करा. सातच्या आत यावे लागेल, नंतर सगळे ऑफिसवाले असतात आणि ते फोनमध्ये बघत असतात.

आपला,
एक निवृत्त फेरीबोट कर्मचारी
चोडण, तिसवाडी