पांढरी पाच

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव-बिव टाकू नका काका, लोक जिना चढून येतात, फोटो काढतात आणि जातात," असं तुम्ही म्हणाला होतात, ते लक्षात आहे. आभार खरं तर दुरुस्त झालेली बाजाची पेटी न्यायला आलो त्याच दिवशी मानायचे होते. पण घशातून शब्द फुटेना, आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्याच्यावर खेकसायचं निमित्त करून मी निघून आलो. त्याला आता दोन महिने होतील.

तुमच्याकडे येण्याआधी ती पेटी कुठून फिरून आली, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही लाजेने सांगितलं नाही. आता सांगतो.

आई गेल्या वर्षी गेली. वडील तिच्या आधी, 2011 मध्ये. त्यांची पेटी तेव्हापासून माळ्यावर पडून होती. 2008 साली नाशकात गोदावरीला पूर आला, नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा वडिलांनी घरातलं दुसरं काही हलवण्याआधी पेटी स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून वर चढवली होती. अशी जपलेली पेटी. आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री घरात भजन करायचं आणि ते त्याच पेटीवर, असं माझ्या मनाने घेतलं. मला स्वतःला वाजवता येत नाही. बँकेत कारकुनी करण्यात जन्म गेला.

पेटी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात दिली. एसी, काउंटरवर कॉम्प्युटर, पावतीवर सतारीचं चित्र. चार महिने "होतंय साहेब" ऐकलं. परत आली तेव्हा नवरीसारखी चकाकत होती, पॉलिश इतकं की त्यात माझं टक्कल दिसावं. आमच्या भजनी मंडळातले पखवाजवाले मामा तेवढे आता राहिलेत, वय शहाऐंशी. त्यांनी दोन मिनिटं बोटं फिरवली आणि हात काढून घेतला. "ही तुझ्या बापाची नाही."

म्हटलं, मामा, लाकूड तर तेच आहे. म्हणाले, "लाकूड गातं होय रे?"

दुकानाला फोन केला. आतले जुने पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पात्या, सडले होते म्हणून टाकून दिले, नवे बसवले, तुमच्या फायद्याचंच केलं, असं उत्तर आलं. ते सूर जर्मन आहेत, असं वडील अभिमानाने सांगायचे. पितळ सडतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. टाकून दिलेलं कुणाच्या पेटीत गेलं, ते मी विचारत बसलो नाही.

आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. त्याच सुमारास आपल्या गावात एक मोठा कार्यक्रम झाला, दिवंगत संगीतसेवकांच्या स्मरणार्थ. कुणी केला ते सोडा. मी वडिलांचा, मंडळात गाणाऱ्या बुवांचा आणि क्लॅरिनेटवाल्या काकांचा फोटो आणि माहिती आधी नेऊन दिली होती. वक्ते पाऊण तास पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांवर बोलले. बोलावंच, त्यात वाद नाही. ज्याचं मुंबईचं विद्यालय कर्जापायी हातचं गेलं, त्या माणसाने आपल्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभा केला, त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय पलुस्कर 1921 साली जन्मले ते नाशकातच. गावाला अभिमान असायलाच हवा. पण मग स्थानिकांची यादी आली आणि सात नावांनंतर निवेदिका म्हणाली, "आणि इतर." आमचे तिघे त्या इतरांमध्ये बसले. शाल-नारळ मात्र मंचावरच्या सगळ्यांना पुरले.

हे इतर कोण होते, ते तुम्हाला तरी कळावं. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये, तिकिटं छापायच्या खात्यात. रात्रपाळी करून सकाळी शहर बसने यायचे. बुवांचा गणेशवाडीत फुलांचा धंदा, त्यांच्या बोटांना झेंडूचा वास असायचा आणि आवाज असा की सामोरं बसलं की छातीत थरथर व्हायची. क्लॅरिनेटवाले काका लग्नसराईत बँडमध्ये, सराई संपली की आमच्या ओसरीवर. मामांचा पखवाज. दर एकादशीला आई रात्रीच्या कणकेतला एक गोळा वेगळा काढून ठेवायची, धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायला. भजन आटोपलं की तोच गोळा खरवडून सकाळी गाईला. आमच्या घरात पखवाजाचा वाटा आणि गाईचा वाटा एकच होता.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला मंडळ जायचं. पेटी डोक्यावर, वर घोंगडी. कंडक्टर पेटीचं तिकीट लावायचा नाही. "तिला बसायला जागा द्या, तुम्ही उभे राहा," म्हणायचा. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. वडिलांना हे फार गमतीचं वाटे. "रेडिओने वाळीत टाकलं, पण आपल्या मंडळाला पत्र कुठे आलं?" म्हणायचे आणि भाता मारायला घ्यायचे.

मला या लोकांनी गाणं शिकवलं नाही, माझ्या गळ्यात ते नव्हतंच. वडील एवढंच म्हणायचे की साथ करणाऱ्याने अर्धं पाऊल मागे चालायचं, पण मागे पडायचं नाही. बँकेत चार साहेबांच्या हाताखाली मी तेच केलं. लग्नातही. बायकोचं मत वेगळं असू शकेल.

असो. तुमच्याकडे मला मामांनीच धाडलं. जुन्या नाशकातला तो अंधारा जिना, दोर धरून चढायचं. वर गेलो तर बाई बसलेली पाहून मी विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?" तुम्ही म्हणालात, "बोलतेय मिस्त्री." याबद्दल आजच माफी मागतो, त्या दिवशी तेवढंही सुचलं नाही.

तुम्ही झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि "नवे आहेत" एवढंच म्हणालात. त्या दुकानाला एक वावगा शब्द नाही. खरं सांगू, मला तो हवा होता. तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्यात तर माझ्या चार महिन्यांचं सार्थक झालं असतं. तुम्ही मात्र उठून फळीवरचा तुमच्या वडिलांच्या वेळचा पत्र्याचा डबा काढलात. मोडीत निघालेल्या पेट्यांचे जुने सूर त्यात कागदाच्या पुड्या करून ठेवले होते, जशा घरात बियाणाच्या पुड्या ठेवतात.

पुढे तुम्ही काय काय केलंत, ते मला नीट सांगता यायचं नाही. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, एवढंच तुमच्याकडून ऐकून ठेवलंय आणि पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगतो.

सांगायचं आहे ते वेगळंच. तुम्ही पेटी खिडकीकडे वळवलीत. पट्ट्यांवर तिरका उजेड पडला. या पट्ट्या बदलायचे त्या दुकानाने वेगळे पैसे मागितले होते आणि मी नाही म्हटलं होतं. आयुष्यात माझा कंजूषपणा एकदाच कामी आला, तो असा. तुम्ही विचारलंत, "वडील कुणाला साथ करायचे?"

"बुवांना."

"काळी एक?"

मी थक्कच. बुवा काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, षड्ज धरून गायचे, मामा अजून सांगतात.

"आणि दुसरं कोण गायचं?"

"दुसरं कुणी नाही. बुवाच."

"मग पांढरी पाच कुणी झिजवली?"

मला काही कळलं नाही, तेव्हा तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. काळी एकला षड्ज धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम, आणि भजनात तो येऊन येऊन किती येणार. तिचा पंचम पांढरी दोन, तीही तितकीच झिजलेली. दोन्हींवर वाटीसारखा खड्डा. "म्हणजे कुणीतरी पांढरी पाचमध्ये गायचं, काका. रोज गायचं. ही पट्टी बहुधा बायकांची. घरात कोण होतं?"

घरात आई होती.

मी म्हटलं, आई गात नव्हती. आमच्या मंडळात बायका नव्हत्याच, त्या चहा करायच्या, कणीक काढून ठेवायच्या. हे मी अगदी खात्रीने सांगितलं. तुम्ही वाद घातला नाहीत. पेटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणालात, "तुम्ही धरा पांढरी पाच, मी भाता मारते."

ताई, हे पत्र त्यासाठी आहे. मी बोट ठेवलं. ते त्या खड्ड्यात बसलं, जागा राखून ठेवल्यासारखं. तुम्ही पलीकडून भाता हलवत राहिलात. सूर निघाला आणि निघतच राहिला. मला वाटलं, आता थांबतील, आता थांबतील. जिन्यात तबला घेऊन एक मुलगा ताटकळत होता, त्याला तुम्ही मान हलवून थांबवलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत, खिडकीबाहेर पाहत राहिलात. मी बोट उचलेपर्यंत भाता पडू दिला नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर मला एक शब्द न बोलता त्या मुलाला म्हणालात, "आण रे, शाई उडालीय का?"

घरी येताना मला एकदम चौथीतली दुपार आठवली. ताप आला म्हणून मास्तरांनी लवकर घरी धाडलं होतं. दाराला आतून कडी, आत पेटी वाजत होती. दार आईने उघडलं. चेहरा लाल, पदर कमरेला खोचलेला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी चोरलंय. म्हणाली, "यांचा रियाज चाललाय." वडील रात्रपाळीचे, दुपारी झोपायचे, हे मला माहीत होतं. तरी पन्नास-बावन्न वर्षं मला ते कधी जोडता आलं नाही.

रात्री सिन्नरला मावशीला फोन केला. ती आधी हसली. "तुला माहीत नव्हतं? अरे, ती शाळेत प्रार्थना सांगायची. लग्नानंतर सासऱ्यांना चाललं नाही. मग भाऊजी म्हणाले, पोरं शाळेत गेली की आपण बसू. गवळणी म्हणायची. रेडिओवरची भावगीतंसुद्धा." मग हसता हसता मावशी गप्प झाली आणि मला फोन ठेवायला सांगितलं.

म्हणजे वडील रात्रभर तिकिटं छापून येत, आणि झोपायचं सोडून बायकोला साथ करत. ऐकायला कुणी नाही, टाळ नाही, बिदागी नाही. बुवांबरोबरचे फोटो आहेत, हस्तलिखित वह्या आहेत, त्र्यंबकच्या यात्रेतला सत्काराचा फेटा आहे. आईच्या गाण्याची खूण कुठेच नव्हती, या दोन खड्ड्यांखेरीज. पट्ट्या बदलल्या असत्या तर तेही गेलं असतं. आणि तुम्ही नुसती पेटी दुरुस्त करून दिली असती तरी मी खूशच झालो असतो, कारण काय गमावलं तेच कळलं नसतं.

अशी माणसं अजून आहेत गावात, हे मी विसरत चाललो होतो. बोहोरपट्टीत आईचे जुने डूल सांधून देणारे आहेत, ते मजुरी घेतात, पण सोन्याचा कीस पुडीत घालून परत देतात. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, वडिलांचे विधी करणाऱ्या गुरुजींनी भर पावसात मला स्वतःची छत्री दिली आणि स्वतः भिजत मंत्र म्हटले. त्यांच्यापैकी कुणाच्या दारात एसी नाही. तुमच्याकडे तर पंखाही कुरकुरतो, तो काळी तीनमध्ये कुरकुरतो असं तुम्हीच सांगितलंत.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री भजन झालं. मामांनी पखवाज मांडीवर घेतला, हात चालेना, पण लय सुटली नाही. पेटीवर मामांचा नातू. माझी पुतणी कॉलेजात आहे, ती गायला बसली तर नातू विचारतो, कुठली पट्टी? ती म्हणाली, माहीत नाही, तूच बघ. त्याने दोन-तीन जागा चाचपल्या. पांढरी सहा तिला लागली. पांढरी पाच असती तर हे पत्र फार छान झालं असतं, पण सहा होती, त्याला काय करणार. मामांनी मात्र पेटीचा पहिला सूर ऐकून डोळे मिटले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. अर्धी. त्यांच्याकडून पूर्ण मान कुणाला मिळालेली मी पाहिली नाही.

कणकेचा गोळा या वेळी मी काढून ठेवला होता. जास्त सैल झाला, मामा चिडले.

शेवटची गोष्ट. पेटी नेताना माझी खोळ फाटकी निघाली, तेव्हा तुम्ही तुमची निळ्या चौकड्यांची चादर गुंडाळून दिलीत आणि "सावकाश आणा" म्हणालात. चादर धुऊन, इस्त्री करून तयार आहे. कधीच आणून द्यायला हवी होती, पण पेटी तिच्यातच ठेवायची सवय लागली. नवी खोळ शिवायला टाकली आहे. शिंपी गुरुवारी देतो म्हणालाय, म्हणजे शनिवार. शनिवारी संध्याकाळी येतो.

तुमचा,
पांढऱ्या पाचवाला काका