एकच पुस्तक घ्यायचं तर 'एडा' घ्या

संपादक महोदय,

ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या देवदेवतांना आज पुन्हा मानणारे जे पेगन लोक आहेत त्यांचा बायबलसारखा एकच ग्रंथ नाहीच, पण कुणाला नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांच्या, वाटेने जायचं असेल तर मी बिनधास्त 'पोएटिक एडा' हा त्या देवांवरच्या आणि वीरांवरच्या जुन्या कवितांचा संग्रह सांगेन, विधींची आधुनिक गाइडबुकं नंतर बघा. त्यातलं 'हावामाल' हे उपदेशाचं काव्य तर वाचाच वाचा. त्या देवांचा प्रमुख ओडिन नऊ रात्री झाडाला लटकतो ते आहेच, पण मला भिडतं ते सुरुवातीचं, की डोंगर तुडवून आलेल्या पाहुण्याचे गुडघे गारठलेत, त्याला आधी शेकोटीपाशी बसवा, हात धुवायला पाणी द्या, टॉवेल द्या, जेवू घाला. इतकं घरातलं!

१२७० च्या आसपासचं या एडाचं हस्तलिखित डेन्मार्कने १९७१ मध्ये आइसलँडला परत दिलं, तेव्हा बंदरावर ही गर्दी लोटली होती आणि पुढच्याच वर्षी तिथे जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था निघाली.

फक्त हे सगळं लिहून ठेवलं गेलं ते ख्रिस्ती काळात, त्यामुळे भरपूर टिपा असलेलीच आवृत्ती घ्या, आणि कुणीतरी हे मूळ भाषेवरून मराठीत आणाच हो, ओवीत आणलं तर फारच छान.

एक वाचक