माजघरातल्या दिव्याबद्दल

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री भोसरीला सुखरूप पोचले. डब्यातल्या घावन्या घाट चढायच्या आधीच संपल्या.

बाबा, निघताना तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. "चांगला लागत होता दिवा, कशाला उकरलंस?" हे तुमचं वाक्य गाडीत सारखं आठवत होतं. तुम्ही रागाने बोलला नाहीत, मला माहीत आहे. पण घडवंचीवर उभी राहून मी जे पाहिलं ते खालून तुम्हाला दिसत नव्हतं, आणि माझे हात वर अडकलेले, मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात आईपासून करते. आई, तू म्हणायचीस ना, माजघरातला नवा बल्ब बटण बंद केलं तरी रात्रभर जरासा मिणमिणतो, पाण्याला उठलं की बरं पडतं? मी दिवाळीला तो उजेड पाहिला आणि झोपच लागली नाही. बटण बंद असताना दिव्यापर्यंत वीज पोचायलाच नको. बटणाने फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडायची असते. आपल्याकडे फेज थेट वर होल्डरमध्ये गेली होती आणि बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, होतं. दिवा विझायचा, पण होल्डर २३० व्होल्टवर जिवंतच राहायचा. बटणाकडून वर जाणारी वायर ओल्या भिंतीत थोडा करंट सोडत होती, तेवढ्यावर हा ९ वॅटचा एलईडी उजळत होता. आधीच्या ६० वॅटच्या बल्बला तेवढ्याशा करंटने काही होत नसे, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि बाबा, बल्ब बदलताना तुम्हाला झिणझिण्या यायच्या त्या याच्याच. "भिंतीला ओल आहे, पावसात येतात," असं तुम्ही म्हणायचात. ओल होतीच. पण तुम्ही बटण बंद करून, एक हात पाठीमागे ठेवून, दर वेळी जिवंत होल्डरला हात लावत होतात. खाली बॅटरी धरून मी उभी असायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. एक हात पाठीमागे ठेवायचा हे तुम्हीच मला शिकवलंत, आयटीआयमध्ये वीजतंत्रीला जायच्या कितीतरी आधी.

१९७८ ला आपल्या घरात लाईट आली तेव्हाचं काम मात्र फार चांगलं आहे, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. सागवानी पट्टी दोरी लावल्यासारखी सरळ गेली आहे, क्लिपा सारख्या अंतरावर, कोपऱ्यावर पट्टी पंचेचाळीस अंशात कापून जुळवलेली. बोनसचे पैसे तुम्ही घातलेत ते वाया गेले नव्हते. न्यूट्रलवरच्या बटणाची चूक नंतरची आहे. दादाच्या लग्नात ट्यूब जोडली आणि बटणाचा बोर्ड दाराकडे सरकवला, तेव्हा कोणीतरी वायरी उलटसुलट केल्या. दोन्ही वायरी काळ्याच, त्यामुळे नुसतं बघून ओळखायला काही खूण नव्हती.

त्या दिवशी काम सुरू करण्याआधी मी दोन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार असलेल्या चिनी मातीच्या पकडी, काढून ओढणीत बांधून घेतल्या, तेव्हा आई हसली. कोणी फिरून घालू नये म्हणून ते. टेस्टर आधी चालू लाईनवर लावून पाहिला, मग होल्डरवर, मग पुन्हा शेजारच्या घरच्या चालू सॉकेटवर. टेस्टरच बिघडलेला असला तर तो खोटं सांगतो.

मग छताचा रोज, म्हणजे दिव्याची वायर जिथून खाली उतरते ती गोल डबी, उघडला. झाकण फिरवलं तसा जळक्या बॅकेलाइटचा वास आला. आत जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि दिव्याकडे उतरणारी नवी तांब्याची वायर एकमेकींना पिळ देऊन जोडलेल्या होत्या, वर काळी कापडी चिकटपट्टी. या दोन धातूंचं असं जमत नाही. ॲल्युमिनियम मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं, वर त्याला पांढरा थर चढतो, जोड सैल पडतो आणि तापायला लागतो. पट्टी सोडवली तर पांढरी पूड बोटाला लागली, आणि वायर जरा वाकवताच कट्‌कन तुटली. रोजच्या मागचा लाकडी ठोकळा मधोमध काळा पडलेला. तक्तपोशीच्या फळीवरही रुपयाएवढा काळा डाग.

बाबा, त्या फळीच्या बरोबर वर माळ्यावर तुम्ही आंब्याच्या पेट्यांचा पेंढा रचता.

मी खाली उतरून पाणी प्यायले ते म्हणून. तुम्हाला वाटलं, उंचीमुळे चक्कर आली.

बटणाच्या मागे पालीची दोन अंडी होती. ते काळं गोल बटण पुसून, कागदात गुंडाळून आईच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आहे. टाकू नका. त्याचा खट्‌ आवाज मी लहानपणी झोपेतही ओळखायची.

आता काय केलंय ते सांगते. नुसतं बटण आणि रोज बदलून भागलं असतं, पण मी कारखान्यातून मेगर, म्हणजे वायरीचं आवरण तपासायचं यंत्र, मागून आणला होता. ५०० व्होल्टवर तपासलं तर वायरीचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरणाचा वीज अडवायचा जोर, निदान एक मेगओहम यायला हवा. आपल्या माजघराच्या लाईनला पाव मेगओहमसुद्धा नव्हता. म्हणून ती सबंध लाईन बदलली. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. चिऱ्याची भिंत फोडायची नव्हती, त्यामुळे वरून केसिंग-पट्टी मारली. आईला ती पांढरी पट्टी डोळ्यांत खुपते, मला माहीत आहे. पुढच्या वेळी भिंतीच्या रंगात रंगवून देईन. बटण आता फेजवर आहे. या लाईनला किटकॅट नाही, ६ अँपिअरचा एमसीबी आहे, वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारा खटका.

एमसीबीच्या शेजारी जो रुंद खटका आहे तो आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा. जेवढी वीज आत जाते तेवढी परत आली नाही, म्हणजे कोणाच्या अंगातून किंवा भिंतीतून वाट काढून गेली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. खरं तर मी तो आधी सबंध घरालाच लावून पाहिला. माजघराची लाईन दिली, टिकला. देवघराची दिली, टिकला. न्हाणीघराची आणि मागच्या पडवीची दिली आणि तो पडला. तीनदा घातला, तीनदा पडला. तुम्ही म्हणालात, खटकाच नाजूक आहे. खटका बरोबर आहे बाबा. त्या लाईनमध्ये वीज गळते आहे, आणि तिथे आई ओल्या पायांनी, पितळेची बादली हातात घेऊन उभी असते. ती लाईन मी सोडवून ठेवली आहे, ती जोडू नका. न्हाणीघरात चार्जिंगचा दिवा ठेवलाय तो चार-पाच दिवस पुरतो. अंघोळ शक्यतो दिवसाउजेडी करा.

अर्थिंगचंही एक राहिलं. मागच्या दारी पाइपला येणारी तार गंजून तुटली होती, ती नवीन बांधली. पण कोळसा-मिठाचा तो खड्डा कोरडा पडला आहे, आणि आपला जांभा उन्हाळ्यात ठणठणीत सुकतो. पाऊस लागेपर्यंत दोन दिवसाआड एक कळशी पाणी तिथे ओता. बाबा, तुम्ही आळ्याला पाणी घालायला जाताच, जाता जाता होईल.

किटकॅटचं एक सांगते, त्याचा राग धरू नका. फ्यूज सारखा जातो म्हणून तुम्ही तारेचे तीन पदर घातले होते. मी काढून एकच पदर घातला आहे. तीन पदर असले की तार वितळायच्या आधी भिंतीतली वायर तापते. उडाला तर उडू दे, मला फोन करा, अंधारात बसा. आणि आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर लगेच कळवा.

मी मृगाच्या आधी आठ दिवसांची रजा टाकली आहे. उरलेल्या घराचं काम एकटीने करणार नाही, तालुक्याच्या गावचा परवानाधारक वायरमन येईल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. न्हाणीघर आणि मागची पडवी आधी, मग ओटी, मग माळा. सगळं झालं की तुमच्यासमोर मेगर लावून आकडा दाखवीन. पैशाचं तुम्ही काढू नका. घराला लाईट तुम्ही आणलीत, एवढं मला करू द्या.

तोवर बाबा, घडवंचीवर चढू नका. बल्ब गेला तरी नाही. गुडघ्याचं तुम्ही मला सांगत नाही, पण तुम्ही उतरताना भिंत धरता ते मी पाहिलं आहे. पेंढा मी माळ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आहे, तो तिथेच असू दे.

आई, माजघर आता रात्री पूर्ण काळोखं होत असेल. तुझा तो उजेड मी काढून घेतला, याचं मला निघेपर्यंत वाईट वाटत होतं. देवघराच्या दाराशी नव्या सॉकेटमध्ये अर्ध्या वॅटचा छोटा दिवा लावून ठेवला आहे, पिवळा. त्याचं बटण खालीच आहे, तुझ्या हाताला येईल असं. काल रात्री लावलास का? माठापर्यंत उजेड पोचतो का ते फोनवर सांग, नाहीतर सॉकेट हातभर पुढे घेईन.

तुमची,
धाकटी