वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र: कांद्याचा निर्णय रोप टाकण्याआधी सांगा

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

७ ऑगस्ट २०२५ रोजी डॉ. स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधान म्हणाले, की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, मग त्याची वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल. आदल्याच दिवशी अमेरिकेने आपल्या मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेण्याचा आदेश काढला होता. आम्हाला ते बोलणे मनापासून पटले. अमेरिकेच्या दुधाला आपला बाजार खुला न करण्याच्या बाबतीत सरकारने असेच ठाम राहावे.

कांद्याचे मात्र वेगळे आहे. आम्हाला मार बसतो तो दिल्लीच्याच अधिसूचनेचा.

२९ सप्टेंबर २०१९ ला निर्यात बंद झाली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर म्हणाल्या, की आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. स्वयंपाक्याला आता कांदा वापरू नको असे सांगितले आहे, असेही त्या म्हणाल्या. सभागृह हसले. पण त्यांची तक्रार अगदी रास्त होती, आणि शब्दन् शब्द आमचीही तीच आहे. पुढे त्यांनी विमानाने बाहेरून कांदा आणला. २०२० मध्ये आपण पुन्हा तेच केले आणि सीमेवर ट्रक अडकले. ‘शेजारी प्रथम’ म्हणायचे आणि शेजाऱ्याच्या ताटातली वस्तू एका रात्रीत बंद करायची, याने गिऱ्हाईकही जाते आणि पतही.

डिसेंबर २०२३ चे सांगतो. निर्यातबंदीची अधिसूचना ७ तारखेची, अंमल ८ पासून. आमच्याकडे हळवी, म्हणजे लवकर निघणाऱ्या कांद्याची काढणी चालू होती. हा कांदा उन्हाळी गावरानासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बायका पात कापून गोल्टी-चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करत होत्या, गोण्या शिवून झाल्या होत्या, टेम्पो सांगितलेला होता. आडत्याचा फोन आला, “आज माल आणू नका, भाव पडलाय.” ताडपत्रीखाली थप्पी तशीच राहिली. आठवड्यात खालच्या गोण्यांना पाणी सुटले. मजुरी, औषधे, उसनवारी, सगळे अंगावर आले.

बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनामागे ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. त्याआधी बंदी असतानाच काही देशांना ठरावीक कोटा, गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी. कोणाच्या भरवशावर लागवड करायची?

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पुण्यात आमचीच मुले भाड्याच्या खोल्यांत राहून विकत घेऊन खातात. त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांकडे राखीव साठा आहे, भाव चढला की आधी तो बाजारात आणा. त्यानंतरही शुल्क लावावेच लागले तर किमान महिनाभर आधी जाहीर करा, आणि बंदराकडे निघालेला माल अडवू नका.

गावरान कांद्याचे रोप आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतो. त्या हंगामाचे निर्यात धोरण सप्टेंबर संपण्याआधी लेखी जाहीर व्हावे आणि माल विकून होईपर्यंत ते बदलू नये. तोच कागद ढाका आणि कोलंबोलाही पाठवा.

आपला विश्वासू,
एक कांदा उत्पादक शेतकरी
ता. खेड, जि. पुणे