प्रोबायोटिक कॅप्सूल जखमेसाठी नाही

संपादक महोदय,

चांगले जिवाणू जखम भरायला मदत करतात, हे वाचून कुणी प्रोबायोटिकची कॅप्सूल फोडून जखमेवर भुरभुरत असेल, तर कृपया थांबावे. मूळ मुद्दा खरा आहे. निरोगी त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5 असतो. चिघळलेल्या जखमेत तो बहुधा 7च्या वर जातो आणि स्यूडोमोनाससारख्या जंतूंचे फावते. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा चांगला जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून सामू उतरवतो. शिवाय स्यूडोमोनासच्या आपसांतल्या रासायनिक संदेशांत अडथळा आणतो, त्यामुळे त्याचा चिवट थर नीट जमत नाही. भाजलेल्या जखमांवर याचे छोटे प्रयोग झाले आहेत. पण तिथे जिवाणूचा वाण ठरलेला, मात्रा मोजलेली आणि डॉक्टरांची देखरेख असते. कॅप्सूल पोटासाठी बनवलेली. तिच्यातली स्टार्चसारखी पूरक द्रव्ये उघड्या जखमेसाठी नाहीत. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात लॅक्टोबॅसिलससुद्धा क्वचित रक्तात उतरतो, ही भीती खरी आहे.

शिवाय पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावलेल्या जागी हे जिवाणू मरतात, मग दोन्ही लावून काय उपयोग? घरी जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, कोरडी पडू न देता झाकावी. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

– एक त्वचारोगतज्ज्ञ