आधी पिनवरचे वजन, मग एचपी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर उरण, पनवेल, कळंबोली, भिवंडी या पट्ट्यात नव्या ट्रेलरगाड्यांचे बुकिंग जोरात असते. शोरूममधले बोलणे तीनच गोष्टींभोवती फिरते: एचपी किती, ॲव्हरेज किती आणि हप्ता किती. घोडा (इंजिन-केबिनची पुढची गाडी) आणि ट्रेलर ज्या एका जागी जोडले जातात त्या फिफ्थ व्हीलबद्दल, म्हणजे ट्रेलरखालची पिन जिच्या लॉकमध्ये अडकते त्या घोड्यावरच्या प्लेटबद्दल, कोणी विचारत नाही. ती गाडीबरोबर आपोआप येणारी वस्तू समजली जाते. पुढे पावसाळ्यात घाटात गाडी जागेवर चाके फिरवू लागली की इंजिनाला नाहीतर ड्रायव्हरला नावे ठेवली जातात. पुष्कळदा दोष खरेदीच्या दिवशीच पदरात पडलेला असतो. पहिलीच गाडी कर्जावर घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

जुलै २०१८ पासून केंद्राने ठरवलेल्या मर्यादा अशा: पुढच्या दोन टायरच्या आसाला ७ टन, चार टायरच्या एका आसाला ११.५ टन, दोन आसांच्या जोडीला २१ आणि तीन आसांच्या संचाला २७. यातूनच दोन आसांचा घोडा अधिक तीन आसांचा ट्रेलर म्हणजे ४५.५ टन, आणि तीन आसांचा घोडा जोडला तर ५५ टन हे आकडे येतात. गाडीच्या नावातही हेच असते. ५५३० म्हणजे ५५ टन आणि सुमारे ३०० एचपी.

आता मालाकडे पाहा. २० फुटी असो की ४० फुटी, नेहमीच्या कंटेनरचे मालासकट कमाल वजन ३०.४८ टन. दोन आसांचा घोडा साधारण ७ टन आणि नुसत्या सांगाड्याचा ट्रेलर ६ ते ७ टन धरला, तरी ४५.५ टनी गाडीत एक कंटेनर, कितीही भरलेला असला तरी, बसतो. न्हावा शेव्याहून तळोजा, भिवंडी, वडाळा अशा फेऱ्यांसाठी ५५ टनी घोडा घेणे म्हणजे दीड-दोन टन जादा लोखंड रोज रिकामे फिरवणे आणि वळणावळणावर मागचे टायर घासणे. तीन आसांचा घोडा लागतो तो कळंबोलीच्या कॉइल-सळईला, दोन जड २० फुटी एकदम उचलायला, किंवा चिखलाच्या यार्डात रोज शिरावे लागत असेल तर. हा आमचा स्पष्ट कौल आहे. विक्रेते उलटे सांगतील, कारण मोठी गाडी विकण्यात त्यांचा फायदा आहे.

खरी गोम फिफ्थ व्हील चासीवर कुठे बसवली आहे यात असते. ती मागच्या आसाच्या मध्यरेषेच्या थोडी पुढे असावी लागते. ते अंतर भागिले व्हीलबेस (घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर), एवढा पिनवरच्या वजनाचा वाटा पुढच्या आसावर जातो. एक हिशेब मांडतो. व्हीलबेस ३६०० मिलिमीटर, रिकाम्या घोड्याचे पुढे ४.५ आणि मागे २.५ टन, पिनवर ११ टन. फिफ्थ व्हील ६०० मिलिमीटर पुढे असेल तर एक षष्ठांश म्हणजे १.८३ टन पुढे जातात आणि ९.१७ टन मागे. पुढचा आस ६.३३ टनांवर, मागचा ११.६७ वर. ट्रेलरच्या आसांवर २७ टन धरले तर एकूण वजन ४५ टन, म्हणजे मर्यादेत अर्धा टन शिल्लक, तरी मागचा आस ओव्हरलोड. तीच प्लेट आणखी १२० मिलिमीटर पुढे सरकवली की पुढे ६.७, मागे ११.३ टन. चार बोटांपेक्षा जरा जास्त जागा, आणि गाडी कायद्यात बसते. प्लेट बरोबर आसावर आली तर पिनचे सगळे वजन मागे पडते. आसाच्या मागे गेली तर पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते.

मग प्लेट हवी तेवढी पुढे का घेऊ नये? कारण वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागतो. ट्रेलरची रुंदी २.५ मीटर आणि पिन पुढच्या कडेपासून १ मीटर आत असेल, तर पिनपासून कोपरा १.६ मीटरवर येतो. पिनच्या मध्यापासून केबिनच्या पाठीमागच्या भागापर्यंत किमान पावणेदोन मीटर मोकळे हवे, आणि त्यात एअर फिल्टरचा पाइप व स्पेअर टायरही मोजायचे. घोडा एका कंपनीचा आणि ट्रेलर गॅरेजात बांधलेला असेल तर हे मोजमाप ट्रेलर बांधायच्या आधी घ्या. ट्रेलरच्या लँडिंग लेगला (घोडा नसताना ट्रेलर ज्यांवर उभा राहतो त्या पायांना) घोड्याची मागची कड लागते का, तेही त्याच वेळी पाहा. उंचीसुद्धा जुळली पाहिजे. प्लेट उंच पडली तर ट्रेलर नाक वर करून चालतो, शेवटच्या आसावर भार चढतो आणि टायर त्याच आसाचे फुटत राहतात. उंच कंटेनर २.९ मीटरचा असतो. प्लेट १.२५ मीटरवर आणि ट्रेलरची मान १५ सेंटिमीटर जाडीची असली तर माथा ४.३ मीटरवर जातो. जुन्या रेल्वे पुलांखालून जायचा मार्ग ठरवताना हा आकडा केबिनमध्ये लिहून ठेवलेला बरा.

यार्डात कंटेनर कुठे ठेवला यावर तर सगळेच पालटते. ४० फुटी ट्रेलर, पिनपासून मागच्या तीन आसांचा मध्य ८ मीटरवर, आणि २४ टनांचा एकच २० फुटी. तो मागच्या टोकाला ठेवला तर त्याचा मध्य जवळजवळ आसांवरच येतो, पिनवर मालाचे काहीच वजन उरत नाही. पुढच्या टोकाला ठेवला तर पिनवर सुमारे १८ टन पडतात. मधोमध ठेवला तर पिनवर साधारण पावणेनऊ आणि आसांवर सव्वापंधरा. तरी क्रेनवाल्याच्या सोयीसाठी एकुलता २० फुटी मागे ठेवणे सर्रास चालते, कारण दार मागे उघडून गोदामाला लावायला बरे पडते. त्याची किंमत घाटात कळते. अशा वेळी घोड्याच्या मागच्या आसावर जेमतेम साडेचार टन असतात. ओल्या डांबराची पकड वजनाच्या ४० टक्के धरली तर जोर मिळतो १.८ टनांचा. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तर ३८ टनांच्या गाडीला लागतात २.२ टन. चाके जागेवर फिरणारच, एचपी तीनशे असो की पाचशे. उतारावर ब्रेक लागले की हाच हलका घोडा ट्रेलरच्या रेट्याने आडवा होतो. म्हणून ट्रेलर घेताना मधल्या जागी ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे ट्रेलरला जखडणाऱ्या फिरत्या खुंट्या) आहेत ना, हे पाहून घ्या. नसतील तर बनवणाऱ्याकडून बसवून घ्या, आणि ते लॉक प्रत्येक फेरीत चारही कोपऱ्यांना फिरवलेले असले पाहिजेत.

फिफ्थ व्हीलच्या पाटीवर दोन आकडे कोरलेले असतात. एक, तिच्यावर उभे किती वजन चालेल. दुसरा, डी-व्हॅल्यू, म्हणजे ओढण्या-ढकलण्याचा ताण, किलोन्यूटनमध्ये. हिशेब असा: पिनवरच्या वजनासह घोड्याचे टन गुणिले ट्रेलरचे पूर्ण टन, भागिले दोन्ही जोडलेल्या गाडीचे एकूण टन, आणि उत्तराला ५.८९ ने गुणायचे. १८.५ आणि ३८ टनांच्या ४५.५ टनी गाडीला सुमारे ९१ येतात. ५५ टनी गाडीत घोडा २८ आणि ट्रेलर ४६ टनांचा धरला तर १३८. बाजारात दोन इंची पिनसाठी १५२ किलोन्यूटन आणि २० टनांची प्लेट सहज मिळते, ती दोन्हींना पुरते. पाटी खरवडलेली किंवा रंगाखाली गेलेली जुनी प्लेट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

पिन दोन मापांत येते: दोन इंची आणि साडेतीन इंची. साडेतीन इंची अवजड, आडमाप मालाच्या ट्रेलरला. मोठ्या लॉकमध्ये लहान पिनला बुश टाकून भागवणारे महाभाग आहेत. त्या जोडणीत प्रत्येक ब्रेकला हिसका बसतो आणि एक दिवस लॉक सुटते. दोन इंची नवी पिन ५०.८ मिलिमीटरची असते. झिजून ४९ वर आली की बदलायची. व्हर्निअर लावायला दोन मिनिटे लागतात, फक्त व्हर्निअर पिनभोवती फिरवून दोन-तीन दिशांना मोजा, कारण ती पुढून-मागून जास्त झिजते. झिजलेल्या पिनला वेल्डिंगने भर देऊन लेथवर उतरवणे हा सरळसरळ गुन्हा मानला पाहिजे. पिन उष्णता देऊन कठीण केलेल्या पोलादाची असते, वेल्डिंगने तिला बारीक चिरा जातात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ब्रेक मारताना किंवा निघताना ‘ठक’ असा आवाज आला तर आधी लॉकची ॲडजस्टमेंट आणि आतली रिंग तपासा. प्लेट चासीच्या पट्टीवर वेल्ड करू नये. खाली माउंटिंग प्लेट, १०.९ ग्रेडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळलेले, आणि पुढे-मागे ठोकळे, म्हणजे धक्का बोल्टवर न येता ठोकळ्यांवर येतो. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे.

ग्रीसबद्दल थोडेसे. नुसते वर चोपडून उपयोग नाही. यार्डातली कच आणि लोखंडाचा चुरा जुन्या ग्रीसमध्ये मिसळून प्लेट घासली जाते. आधी खरवडून पुसा, मग नवे भरा. पावसात ते धुऊन जाते, म्हणून जून ते सप्टेंबर दोन पाळ्यांमधले अंतर निम्म्यावर आणा. प्लेट कोरडी असेल तर वळणावरून घोडा सरळ व्हायला अडतो.

जोडताना होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे ट्रेलर उंच ठेवून घोडा आत घालणे. पिन लॉकच्या जबड्यात न जाता वर बसते, हँडल अर्धवट आत जाते आणि गाडी जोडल्यासारखी दिसते. ट्रेलरचा तळ प्लेटपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली हवा, म्हणजे घोडा आत जाताना त्याला किंचित उचलतो. मग ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये दोनदा हलके ओढून पाहायचे. त्यानंतर बॅटरी घेऊन मागून खाली वाका: प्लेट आणि ट्रेलरचा तळ यांत फट नको, जबडा पिनच्या बारीक भागाभोवती मिटलेला दिसला पाहिजे, हँडल पूर्ण आत आणि त्याची सेफ्टी क्लिप लागलेली. हे झाल्यावरच लाल आणि पिवळी एअर पाइप, वायरिंग, आणि शेवटी लँडिंग लेग पूर्ण वर. लेग आधी उचलले आणि लॉक लागले नसेल तर ट्रेलर तोंडावर आपटतो. रात्री दोनला अंधाऱ्या पार्किंगमध्ये हे सगळे करायचे असते, हेही बंदर चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. गाड्या जोडायच्या जागी दोन दिवे लावले तर बिघडणार नाही.

इंजिनाचे शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपे आहे. ४५.५ टनांना २५० एचपी आणि ५५ टनांना ३०० एचपी, टनामागे दोन्ही जवळजवळ सारखेच, साडेपाच एचपी. ५ टक्के चढावर पूर्ण भरलेली अशी गाडी ताशी २०-२२ किलोमीटरने चढते. पुण्याकडे रोज घाट असेल तर वरचे इंजिन घ्या, सपाटीवर पैसे फुकट जातील.

फिटनेसच्या वेळी, म्हणजे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, दिवे, ब्रेक, रिफ्लेक्टर पाहिले जातात. त्यात पिनचे माप आणि फिफ्थ व्हीलच्या पाटीची नोंद सक्तीची करावी, अशी परिवहन खात्याला विनंती. दुसरी विनंती कंटेनर यार्डांना: वजनकाट्याच्या पावतीवर एकूण वजनाबरोबर आसागणिक वजनही छापा. काट्यावर आधी घोड्याचा पुढचा आस, मग अख्खा घोडा, मग पूर्ण गाडी थांबवली तर एकाच काट्यावर तिन्ही आकडे निघतात, नवे यंत्र लागत नाही.

आणि डिलिव्हरी घेणाऱ्यांसाठी: फिफ्थ व्हील आसापासून किती मिलिमीटर पुढे बसवली आहे, तो आकडा विक्रेत्याकडून लेखी मागा, टेपने स्वतः मोजा, आणि जुळला नाही तर गाडीच्या कागदावर सही करू नका.

आपले,
ट्रेलर बांधणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
वडाळा, मुंबई