धरणाचं गोडं पाणी बोअरच्या पाण्यात कालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या बाजूला राहते. आमच्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये पाणी तीन ठिकाणांहून येतं, स्वतःचं बोअर, टँकर आणि मिळेल तेवढं धरणाचं, आणि हे सगळं एकाच अंडरग्राउंड टाकीत पडतं, तिथनं पंपाने वर आणि वरून सगळ्या नळांना. हे कालवणं बंद करा, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

मागच्या महिन्यात आमचा गिझर बंद पडला. मेकॅनिकने एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर पांढरट पिवळा थर, खडूच्या कांडीएवढा जाड, स्क्रूड्रायव्हरने ठोकल्यावर खपल्या पडायला लागल्या आणि टाकीच्या तळातनं तर असला चुरा निघाला की बाथरूमची जाळी तुंबली. तो म्हणाला या पट्ट्यात रोजचंच काम आहे, आणि क्षारामुळे एलिमेंट गेलं तर कंपनी वॉरंटीत धरत नाही. बरं नुसता गिझर नाही. शॉवरची भोकं बुजतात, वॉशिंग मशीनच्या पाईपच्या तोंडाची जाळी सारखी साफ करावी लागते, कितीही पावडर टाका कपडे कडक आणि मळकट निघतात, तूरडाळ चार शिट्ट्या जास्त घेते तरी दाणा कच्चा लागतो.

कारण साधं आहे. आपल्याकडे खाली बेसाल्टचा काळा खडक, पावसाचं पाणी त्यातनं झिरपताना कॅल्शियम मॅग्नेशियम विरघळवत जातं आणि पाणी खडकात जितके दिवस राहील तितकं साधारण जड होत जातं. गार असताना काही दिसत नाही, तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटून चुनखडी तयार होते आणि ती सगळ्यात गरम जागेवर म्हणजे एलिमेंटवरच बसते. मग एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, लाईट जास्त जळते आणि शेवटी एलिमेंटच जळतं. लिटरला 400 मिलिग्रॅम हार्डनेस (पाण्याचा जडपणा, म्हणजे विरघळलेलं कॅल्शियम मॅग्नेशियम चुनखडीच्या हिशोबात मोजून) ऐकायला किरकोळ वाटतं, पण 10 हजार लिटरच्या टँकरचा हिशोब केला तर 4 किलो चुनखडी होते! सगळी काही थर होऊन बसत नाही, तरी आपण घरात काय घेतोय ते कळतं.

धरणाचं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस, ते मुळातच हलकं असतं. समजा त्याचा हार्डनेस 50 आहे आणि बोअरचा 500, निम्मं निम्मं मिसळलं की टाकीत 275 होतं, म्हणजे चांगलं पाणी मिळूनही ते कुणाच्याच स्वयंपाकघरात पोचत नाही. वर कमिटी सांगते की रिपोर्ट लिमिटमध्ये आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 मध्ये हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे, आणि 600 पर्यंतची सूट आहे ती दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच. इथे दुसरा स्रोत आहे, रोज थोडा का होईना येतोय, आपणच तो बोअरमध्ये ओततो!

जड पाणी प्यायल्याने काही होत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी म्हणून हार्डनेसची मर्यादा ठरवलेली नाही, म्हणूनच याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि खर्च ज्याच्या त्याच्या घरात दुरुस्तीच्या बिलातनं निघतो. मग प्रत्येकजण आपापला सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करायचं यंत्र लावतो आणि ते मिठाने धुतल्यावर निघणारं पाणी ड्रेनेजला सोडतो. विक्रेते तर टीडीएस मीटर दाखवून घाबरवतात, पण टीडीएस म्हणजे हार्डनेस नव्हे, सगळे विरघळलेले क्षार त्यात मोजले जातात. आणि ग्लासात दोन रॉड बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात ना, तो गंज त्या लोखंडी रॉडचाच असतो, कृपा करून त्यावर हजारो रुपये घालवू नका.

राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोज 135 लिटर पाणी धरलंय आणि त्यातलं 45 लिटर नुसतं फ्लशसाठी आहे. म्हणजे एक तृतीयांश पाण्याला हार्डनेसशी देणंघेणंच नाही. बऱ्याच नव्या मोठ्या सोसायट्यांत एसटीपीच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या पाण्यासाठी फ्लशची वेगळी लाईन असते, ते पाणी कमी पडतं तिथे बोअरचं त्या लाईनला जोडा, बागेला गाड्या धुवायला तेच वापरा, आणि धरणाचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन किचनला आणि गिझरला द्या, अगदी दिवसातनं एक तासच मिळालं तरी. जुन्या बिल्डिंगमध्ये पाईप बदलायचा खर्च येईल हे मान्य, पण घरटी गिझर आणि मशीनच्या दुरुस्तीची बिलं एकदा मीटिंगमध्ये मांडून बघा.

2021 मध्ये वाघोलीसह 23 गावं पुणे महापालिकेत आली, धरणाचं पाणी पुढे वाढेलही, तेव्हाही एकच टाकी ठेवली तर हेच होणार. तोवर टँकरवाल्यांनी पावतीवर पाणी कुठनं भरलं ते लिहावं आणि सोसायट्यांनी बोअर, टँकर, नळ तिन्हीचा हार्डनेस वेगवेगळा तपासून बोर्डावर लावावा, एक रिपोर्ट पावसाळ्यानंतरचा आणि एक एप्रिल-मे मधला, कारण उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की आकडा बदलतो.

आपली,
एक वाचक, वाघोली